धागा : फरकाची रक्कम, आईचे गुडघे आणि ब्रह्मगिरीची फेरी

गोदाकाठ_नाशिक

नमस्कार. गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकाच विषयावर बोलणे चालू आहे आणि त्याचा निकाल काही लागत नाही, म्हणून तो येथे मांडत आहे. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एकवीस वर्षे नोकरी करतो. वेतनकरार लांबल्यामुळे अडकलेला फरक या महिन्यात एकदम मिळाला आणि सुमारे दीड लाख रुपये हाती आले. बैठकीच्या खोलीतला सोफा खचला आहे, टीव्ही जुना झाला आहे, त्यामुळे हे पैसे घरात घालावेत असे पत्नीचे म्हणणे आहे आणि ते अवाजवी आहे असे मला मुळीच वाटत नाही. माझ्या मनात मात्र दुसरेच घोळते आहे. मुलगी पुढच्या वर्षी दहावीत जाईल, आईचे वय एकाहत्तर आहे, आणि आम्ही चौघांनी मिळून कधी काही केले आहे असे आठवू लागलो तर लग्नसमारंभांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

हा विचार मनात येण्याचे कारण सांगतो. वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. १९८९ च्या श्रावणात, मी दहा वर्षांचा असताना, तिसऱ्या सोमवारच्या आदल्या रात्री ते मला त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगराच्या फेरीला, म्हणजे प्रदक्षिणेला, घेऊन गेले. सीबीएसवरून एसटीने त्र्यंबक, कुशावर्त कुंडावर स्नान, आणि मग मध्यरात्रीच्या सुमारास गर्दीबरोबर चालायला सुरुवात. पाऊस पडून गेलेला होता आणि वाट भाताच्या खाचरांच्या बांधांवरून जात होती. वाटेतल्या पहिणे गावाच्या अलीकडे वडिलांच्या चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी चालणारे शेकडो लोक आजूबाजूला होते, त्यामुळे चपला हातात घेऊन त्यांना सहज चालता आले असते, परंतु ते वाटेच्या कडेला खाली बसले, चहा विकणाऱ्या एका माणसाकडून हातभर सुतळी मागून घेतली, ती दुहेरी करून चपलेच्या भोकातून ओवली आणि खालून गाठ मारली. बॅटरी मी धरली होती. गाठ मारताना त्यांनी सुतळीचे टोक दातांत पकडले होते, आणि पायाखाली बोचू नये म्हणून ती गाठ त्यांनी दोनदा सोडून पुन्हा बांधली. उजाडले तेव्हा ब्रह्मगिरीच्या निम्म्यावर ढग बसलेला होता.

वडिलांना जाऊन सहा वर्षे झाली. आमचा पहिला फ्रीज कधी आला, रंगीत टीव्ही कधी आला, हे मला आज सांगता येत नाही, मात्र त्या सुतळीची गाठ मला जशीच्या तशी काढून दाखवता येईल. वडिलांचे एचएमटीचे घड्याळ कपाटात पडून असते, आणि चपलेची गोष्ट मात्र दर श्रावणात आमच्याकडे निघतेच.

माझे विचारणे असे आहे की, अनुभव टिकतात आणि वस्तू टिकत नाहीत हे खरेच असे असते, की हे केवळ गेलेल्या माणसाच्या आठवणीने मन हळवे झाल्याचे लक्षण आहे? आणि खरे असेल, तर आईचे दुखरे गुडघे आणि मुलीचा अभ्यास सांभाळून आम्ही काय करावे?

सह्यवाट

धागाकर्त्यांना नमस्कार. पंचवीस वर्षे डोंगरात फिरल्यानंतर माझे उत्तर ‘होय, असे असते’ हेच आहे, पण ते का, याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

हरिहरचा किल्ला आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. खालून पाहिले की कातळात खोदलेल्या पायऱ्यांची ती उभी ओळ शिडीसारखी दिसते. एकदा त्या पायऱ्यांवर पाय ठेवला की छायाचित्रांतून कधीच न कळणारी एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक पायरीच्या दोन्ही बाजूंना, बोटे बरोबर अडकतील अशा बेताने, खोबणी कोरलेल्या आहेत. कित्येक शतकांच्या हातांनी त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. छाती कातळाला लागलेली, नजर समोरच्या दगडावर, आणि बोटे आपोआप पुढची खोबण शोधत असतात. १८१८ साली इंग्रजांनी या भागातील किल्ले घेतले आणि पुढे अनेकांच्या वाटा मोडून टाकल्या, तरी या पायऱ्या शिल्लक राहिल्या. याच किल्ल्याचा एक सरळसोट कडा १९८६ साली डग स्कॉट या ब्रिटिश गिर्यारोहकाने चढला आणि तेव्हापासून त्याला स्कॉटिश कडा म्हणतात. एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरून १९७५ साली शिखर गाठलेल्या माणसाला आपल्या त्र्यंबकच्या डोंगररांगेत येऊन चढावासा वाटला, याचा मला फार अभिमान वाटतो.

मी पहिल्यांदा हरिहर चढलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि मध्यावर पोहोचल्यावर माझे पाय लटपटू लागले. वरच्या सोबत्याने एवढेच सांगितले, “खाली पाहू नकोस, हात कुठे आहे ते पाहा.” पुढे नोकरीत, आणि एकदा रुग्णालयाच्या आवारात रात्र काढावी लागली तेव्हाही, हेच वाक्य माझ्या उपयोगी पडले. मला वाटते, साहस टिकते ते याच अर्थाने. ते केवळ आठवणीत जाऊन बसत नाही, तर हातापायांत उतरते आणि गरज पडली की बाहेर येते.

यात एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. साहस म्हणजे जिवावर उदार होणे नव्हे. मला सर्वांत जास्त आठवणारी मोहीम म्हणजे धोडप किल्ल्याची, आणि ती आम्ही अर्धवट सोडली होती. धुके इतके उतरले की पुढचा माणूस दिसेना, तेव्हा आमच्यातील सर्वांत अनुभवी मुलीने परत फिरण्याचा निर्णय घेतला. तेव्हा मी नाराज झालो होतो, पण आज त्या निर्णयाचे मोल मला अधिक वाटते. पावसाळ्यात, विशेषतः शनिवार-रविवारी, हरिहरच्या पायऱ्यांवर वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडकतात. त्या गर्दीत मुलीला नेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर जा.

द्राक्षबाग_निफाड

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मनापासून मांडतो, कोणी राग मानू नये.

ज्याला रविवार मिळतो त्याला अनुभव विकत घेता येतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग डाऊनी आणि भुरी या रोगांसाठीच्या फवारण्या, आणि माल तयार होत आला की आभाळाकडे पाहत काढलेले दिवस, असे आमचे वर्ष असते. फेब्रुवारीच्या एका संध्याकाळी वीस मिनिटे गारा पडल्या आणि घडांना चिरा जाऊन सबंध बाग वाया गेली. ते आम्ही अनुभवले आणि तेही विसरता येत नाही. त्या रात्री माझे वडील बॅटरी घेऊन एकेका ओळीतून चालत गेले आणि परत येऊन एक शब्द न बोलता झोपले. अनुभव टिकतो हे खरे, पण टिकतो म्हणून तो मोलाचाच असतो असे नाही.

दुसरे असे की, तुम्ही सर्व जण वस्तूला फार कमी लेखता. २०११ साली आम्ही घेतलेल्या ट्रॅक्टरची पूजा आजीने केली, त्यावर बसून बहिणीची वरात निघाली, त्यावरच मी चालवायला शिकलो. तो ट्रॅक्टर वस्तू आहे की अनुभव, हे मला कोणीतरी सांगावे. आणि ज्या घरात बसायला धड जागा नाही, त्या घरात पाहुणे येत नाहीत, गप्पा होत नाहीत. वहिनींचा सोफा मला तुच्छ वाटत नाही.

फळा_आणि_खडू

मी मानसशास्त्र शिकवते. निफाडच्या दादांनी जे लिहिले आहे त्याला संशोधनाचाही आधार आहे, म्हणून दोन्ही बाजू मांडते.

लीफ व्हॅन बोव्हेन आणि थॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. वस्तूंसाठी केलेला खर्च आणि अनुभवांसाठी केलेला खर्च यांपैकी कशाने अधिक समाधान मिळाले असे लोकांना विचारले असता, बहुतेकांचा कौल अनुभवाकडे गेला. यामागची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. नव्या वस्तूची आपल्याला सवय होते. नवा टीव्ही पहिले काही आठवडे मोठा दिसतो, पुढे तो भिंतीचाच भाग होऊन जातो. शिवाय वस्तूची तुलना चटकन होते, शेजाऱ्याकडे मोठी आली की आपली लहान वाटू लागते. धागाकर्त्यांच्या सुतळीची तुलना कोणाच्या सुतळीशी करणार? आणि अनुभव सांगितला जातो. जितक्या वेळा तो सांगितला जातो तितक्या वेळा तो नव्याने घडवला जातो, त्यातील कंटाळ्याचा भाग गळून पडतो आणि गाठ मारण्याचा क्षण अधिक ठळक होतो. हा मनाचा हळवेपणा नाही, स्मृतीचे काम असेच चालते. दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या काळातील आठवणी माणसाला उतारवयात अधिक प्रमाणात आठवतात, हेही अभ्यासांत वारंवार दिसले आहे, कारण पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी बहुतेक त्याच काळात घडतात. तुमची मुलगी आज नेमक्या त्या वयात आहे, एवढे मात्र लक्षात असू द्या.

आता दुसरी बाजू. जेकब ली, डेबोरा हॉल आणि वेंडी वुड यांनी २०१८ साली दाखवले की, अनुभवांची ही सरशी प्रामुख्याने सुस्थितीतील लोकांमध्ये आढळते. ज्यांचे हात आखडलेले असतात त्यांना टिकाऊ, उपयोगी वस्तूनेही तेवढेच किंवा अधिक समाधान मिळते. त्यामुळे ‘वस्तू घेऊ नका, फिरा’ हा उपदेश सरसकट सर्वांना करणे मला योग्य वाटत नाही.

आपण नाशिककर साल कसे आठवतो ते पाहा. अमुक गोष्ट कधी झाली असे विचारले की उत्तर येते, ‘२०१६ च्या पुराच्या आधी’ किंवा ‘२०१५ च्या कुंभमेळ्याच्या वर्षी’. घरातील जुनी माणसे अजून १९६९ चा पूर सांगतात. गोदावरीच्या पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले होते यावरून पुराची थोरवी ठरते. काळाला खुंटी लागते ती अशा ठिकाणी, आणि ज्या वर्षांत एकही खुंटी नसते ती वर्षे मागे वळून पाहताना एकमेकांत मिसळून जातात.

सातपूर_कॉलनी

माझा अनुभव थोडक्यात लिहितो. मे महिन्याच्या अखेरीस काजवे पाहण्यासाठी भंडारदऱ्याच्या बाजूला एका आयोजकाबरोबर पैसे भरून गेलो होतो. माणसे सत्तरहून अधिक, सोबतीला मार्गदर्शक दोन, आणि अंधारात सर्वांचे मोबाईल चालू. काजव्यांना अंधार लागतो हे कोणी सांगितले नाही, आणि एका झाडाखाली ज्यांनी ते ओळखून दिवे बंद केले त्यांच्यावर इतरांनी उजेड मारला. माझ्याकडे शंभर छायाचित्रे आहेत, पण आठवण नाही. पुढच्या वर्षी पत्नीसह तेथील एका गावात एका घरी मुक्कामाला राहिलो, मोबाईल घरातच ठेवला आणि यजमानांबरोबर रात्री बांधावर जाऊन बसलो. एक झाड उजळायचे, मग शेजारचे, मग पुन्हा पहिले. आम्ही दोघे तासभर बोललोच नाही. पैसे दोन्ही वेळा खर्च झाले होते. त्यामुळे वस्तू की अनुभव या प्रश्नाआधी, अनुभवाला आपण जागा ठेवतो का, हे विचारावेसे वाटते.

बागलाणकर

माझे गाव साल्हेरच्या पायथ्याजवळ आहे. १५६७ मीटर उंचीचा हा किल्ला, महाराष्ट्रातील गडकिल्ल्यांमध्ये सर्वांत उंच. १६७२ साली येथे मराठ्यांनी मोगलांना समोरासमोरच्या लढाईत हरवले, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचे नाव आले. मी वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा वर गेलो. त्याआधी गुरे शोधायला निम्म्यापर्यंत अनेकदा गेलो होतो, पण वर जायचे कधी सुचले नाही, कारण तो रोज दिसत होता. माथ्यावरच्या परशुराम मंदिराजवळ उभे राहून माझेच गाव वरून पाहिले तेव्हा मला माझ्या शेताचा आकार पहिल्यांदा कळला. दूर जाण्याची गरज नसते, एवढेच सांगायचे होते.

पंचवटीची_लेक

या धाग्यात आतापर्यंत चपला, पायऱ्या, ट्रॅक्टर असे बरेच काही आले, पण एका गोष्टीकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसले नाही, म्हणून लिहिते. माझे वय अठ्ठावन्न आहे.

आमच्या आईच्या पिढीतील बायकांना साहस हा शब्द वापरायला परवानगी नव्हती, पण यात्रा या शब्दाला होती. माझी आई चैत्रात वणीला पायी जायची. चार दिवस चूल नाही, सासू नाही, डोक्यावर पदर आहे पण पायांत वेग आहे, रात्री शाळेच्या ओट्यावर पन्नास बायकांच्या रांगेत झोपायचे. ती परत आली की तिचा आवाजच बदललेला असायचा, आठवडाभर ती मोठ्याने बोलायची. ती कशासाठी जात होती हे मला फार उशिरा कळले. देवीवर तिची श्रद्धा होतीच, त्यात मी जराही कमी करत नाही, पण सप्तशृंगीच्या पायऱ्या चढताना दम लागून कठड्याला टेकलेली बाई ही फक्त आपली असते, कोणाची सून नसते, हेही तितकेच खरे आहे.

मी स्वतः बावन्नाव्या वर्षी सायकल घेतली. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या आपल्या नाशिकच्या बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, तेव्हापासून शहरात सायकलची जी हवा आली तिने माझ्यासारख्या अनेकांना रस्त्यावर आणले, फक्त मला धीर व्हायला काही वर्षे गेली. पहिल्यांदा त्र्यंबकेश्वरापर्यंत गेले तेव्हा अंजनेरीच्या अलीकडे उतरून सायकल ढकलली. भाजीची पाटी घेऊन चाललेली एक बाई माझ्याकडे पाहून थांबली आणि म्हणाली, “ताई, दमलात? बसा की.” आम्ही दोघी मैलाच्या दगडाशी बसलो आणि तिने मला एक काकडी दिली. त्या दिवशी मी साठ किलोमीटर गेले-आले. निफाडच्या भावाला सांगते की सायकल ही वस्तूच आहे, आणि ती मी अठरा हजारांना घेतली. तेव्हा तुमचे म्हणणे मला मान्य आहे.

धागाकर्त्यांना मात्र एक विचारते. तुम्ही सोफ्याविषयी पत्नीचे म्हणणे लिहिलेत, स्वतःचे लिहिलेत, मुलीच्या अभ्यासाचे लिहिलेत. आईच्या बाबतीत फक्त गुडघे लिहिलेत. १९८९ च्या त्या रात्री आई कुठे होत्या? त्यांना काय हवे आहे, हे विचारले आहे का?

द्राक्षबाग_निफाड

ताईंचा प्रतिसाद घरी वाचून दाखवला. आमच्या मातोश्रींनी ऐकून घेतले आणि यंदा चैत्रात वणीला जाणार असे सांगून टाकले.

गोदाकाठ_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच दिवस लागले, कारण पंचवटीच्या ताईंचा प्रश्न वाचून मी थोडा वेळ गप्पच झालो होतो. छत्तीस वर्षे ही गोष्ट आमच्या घरात सांगितली जाते, आणि ती सर्वांत रंगवून आईच सांगते. सुतळीचा रंग, चहावाल्याचा कंदील, वडिलांचे दात, सगळे तिच्या तोंडून ऐकल्यामुळे तीही आमच्याबरोबर होती असे माझ्या मनाने केव्हाच धरून टाकले होते. काल रात्री जेवणानंतर तिला विचारले. ती म्हणाली, “मी कुठली येते? धाकटा तापाने फणफणला होता. तुम्ही दोघे सोमवारी दुपारी आलात तेव्हा उपासाची भगर करून वाट पाहत बसले होते. चपला मी धुतल्या, म्हणून सुतळी मला माहीत.”

मग बराच वेळ थांबून तिने विचारले की पहिण्याच्या बाजूने ब्रह्मगिरी खरेच वेगळा दिसतो का. वडील तिला तसे सांगत असत.

वीस किलोमीटरची फेरी तिच्या गुडघ्यांना झेपणार नाही, हे डॉक्टरांनीही सांगितले आणि तिलाही ते माहीत आहे. म्हणून तिसऱ्या सोमवारची गर्दी टाळून त्याआधीच्या शुक्रवारी पहाटे आम्ही चौघे गाडीने पहिण्यापर्यंत जाणार आहोत. तिथून जेवढे जमेल तेवढे, अर्धा तास किंवा दीड तास, खाचरांच्या बांधावरून चालायचे आणि जिथे तिला थांबावेसे वाटेल तिथे थांबायचे. मुलीने रजेचा अर्ज स्वतःच लिहिला. हरिहर डिसेंबरात, फक्त मी आणि मुलगी, सह्यवाट यांनी सांगितल्याप्रमाणे आठवड्याच्या मधल्या दिवशी. सोफाही घेत आहोत. पत्नीने गेल्या रविवारी तो पसंत केला आणि आईला उठताना आधार मिळावा म्हणून उंच बैठकीचा घेतला. टीव्ही तूर्त जुनाच राहील.

आईने तिची पिशवी आत्ताच भरून ठेवली आहे. गुडघ्याचे पट्टे, गोळ्यांची डबी, राजगिऱ्याचे लाडू, आणि तळाशी एका कागदात गुंडाळलेली हातभर सुतळी.